गाठोडे बांधताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही दोघे आलापल्लीहून गडचिरोलीकडे निघालो होतो. एस.टी. भरलेली होती. सकाळपासून पाऊस थांबला नव्हता. दुपारी चारच्या सुमाराला एका नाल्याजवळ गाडी उभी राहिली. पुलावरून गढूळ पाणी धो धो वाहत होते. ड्रायव्हर खाली उतरला, पाणी पाहून आला आणि त्याने इंजिन बंद केले. म्हणाला, "पाणी उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही." बरोबरच केले त्याने. मागे फिरावे तर मागचा नालाही भरून आला होता.

पाणी उतरले दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता. तोवर आम्ही पंचवीस-तीस माणसे त्या गाडीतच होतो. आजूबाजूला जंगल. दुकान नाही, दिवा नाही, मोबाईलला रेंज नाही.

रात्र पडली तशी माणसे आपापल्या पिशव्या उघडू लागली. कुणाजवळ काय निघाले? कॉलेजात जाणाऱ्या एका पोराच्या बॅगेत इस्त्रीचे चार जोड कपडे होते, पण खायला बिस्किटाचा पुडादेखील नव्हता. एका भाऊच्या पिशवीत खर्ऱ्याच्या सात-आठ पन्न्या होत्या आणि प्यायला पाणी नव्हते. आम्ही तरी कुठले शहाणे! आमच्या झोळीत वाचनाच्या वर्गाची पुस्तके होती, टॉर्च होता. पण टॉर्चमध्ये सेल नव्हते.

आमच्या मागच्या बाकावर नवराबायको आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी होती. मुलीला सिकलसेल होता. तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात दाखवायला ते निघाले होते. रात्री गारवा वाढला आणि मुलीचे गुडघे दुखायला लागले. ती कण्हू लागली. बापाच्या खिशात पैसे होते. पण त्या जंगलात पैशाला कोण विचारतो? तो सारखा एकच म्हणत होता, "एका दिवसात परत येऊ म्हटलं, म्हणून काही घेतलं नाही."

तेव्हा पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली. तिच्याजवळ जुन्या लुगड्यात बांधलेले एक गाठोडे होते. तिने ते मांडीवर घेऊन सोडले. आतून जाड चादर निघाली. पाण्याचा तुंबा निघाला. फुटाणे आणि गुळाचा खडा निघाला. तिने मुलीला चादरीत गुंडाळले आणि तुंबा तिच्या तोंडाला लावला. "भेऊ नको माय, थोडं थोडं पाणी पे," म्हणाली. पोर रात्रभर तिच्या मांडीवर होती. सकाळी दवाखान्यात पोचल्यावर तिला सलाईन लागले, चार दिवसांनी ती घरी गेली.

आम्ही म्हातारीला विचारले, "आजी, एवढं सगळं घेऊन कुठं निघालात?" ती म्हणाली, "लेकीकडं. उद्या वापस येतो." मग हसून म्हणाली, "माह्या बुढ्याले दवाखान्यात नेलं होतं, तवा एका दिवसाचे आठ दिवस झाले. तवापासून मी असीच निघतो."

आमच्या भागात प्रवासाची तयारी कशी करावी, हे आम्हाला त्या रात्री कळले. आपण सगळे काय करतो? जिथे जायचे तिथले गाठोडे बांधतो. लग्नाला जायचे तर चांगले कपडे घेतो, बाजाराला जायचे तर रिकामी थैली घेतो. वाटेत अडकलो तर काय लागेल, याचा विचार कुणी करत नाही. आणि आमच्या भागात अडकणे ही काही नवलाची गोष्ट नाही.

आता हे पाहा. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सिरोंचाहून तर त्याहूनही लांब. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतमी अशा नद्या आणि त्यांना मिळणारे नाले. भामरागडजवळ तीन नद्या एकत्र येतात. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पुन्हा पुन्हा पाणी गेले आणि भामरागडचा रस्ता पुन्हा पुन्हा तुटला. चंद्रपूरकडच्यांनीही आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नये. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीला पूर आला, तेव्हा बल्लारपूर ते राजुरा हा मोठा रस्ताही बंद पडला होता.

दवाखान्याचेही तसेच. सकाळी दाखवायला गेलेला माणूस संध्याकाळी भरती होतो. रक्ताचा रिपोर्ट उद्या मिळतो. मोठा डॉक्टर परवा येतो. गडचिरोलीहून चंद्रपूरला, नाहीतर नागपूरला पाठवतात. म्हणून दवाखान्याला निघताना निदान तीन दिवसांचे सामान बांधावे, असे आमचे मत आहे.

पहिली वस्तू पाणी. तुंबा चांगलाच, त्यात पाणी थंड राहते. पण तो आतून स्वच्छ हवा, आणि पाणी घरी उकळून गार केलेले हवे. वाटेतल्या नाल्याचे पाणी दिसायला कितीही निवळ असले तरी पिऊ नये. माणशी एक मोठी बाटली तरी न्यावी. उन्हाळ्यात दोन. चंद्रपूरचे ऊन आपल्याला ठाऊकच आहे, मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात घाम जातो, घामाबरोबर मीठ जाते, चक्कर येते. आंबील नेली तर फारच चांगले. तिने पाणीही मिळते आणि पोटालाही आधार होतो. पण आंबील त्याच दिवशी संपवावी. डोक्याला दुपट्टा बांधावा. काही जण खिशात कांदा ठेवतात. खिशातल्या कांद्याने ऊन थांबत नाही. तो भाकरीबरोबर खावा.

साखर आणि मीठ यांची एक-एक पुडी नेहमी गाठोड्यात असू द्यावी. वाटेत कुणाला हगवण लागली, उलट्या झाल्या, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ ढवळावे. चमचा चहाचा, लहान. हे पाणी घोट घोट पाजत राहावे. मीठ जास्त पडू देऊ नये, ते बाळाला घातक होते. आशाताईंकडे ओ.आर.एस.ची पुडी मिळते. ती असेल तर हे मोजमाप करायलाच नको.

सिकलसेलच्या माणसाला तर पाणी आणि ऊब यांची फारच गरज. असे का बरे? आपल्या रक्तात लाल पेशी असतात. त्या गोल आणि मऊ असतात, म्हणून बारीक नसांतूनही घसरत जातात. सिकलसेलच्या आजारात अंगातले पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला किंवा फार दमणूक झाली, की या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. मग त्या बारीक नसांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि हाडे-सांधे ठणकतात. आता म्हातारीची चादर आणि तुंब्यातले पाणी त्या पोरीला का उपयोगी पडले, ते ध्यानात येईल. हा आजार आईबाप दोघांकडून मुलाकडे येतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो पुष्कळ आहे. अशा माणसाने रोजच्या गोळ्या आणि तपासणीचे कार्ड घेतल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू नये. ताप आला, छातीत दुखले, दम लागला, तर मात्र चादरीवर आणि पाण्यावर भागत नाही. तडक दवाखाना गाठावा.

खाण्याचे काय? आपला भाग भाताचा. पण शिजवलेला भात उन्हाळ्यात दुपारपर्यंतच आंबतो, आणि तसाच खाल्ला तर पोट बिघडते. म्हणून मुरमुरे, फुटाणे, गूळ, कोरडी भाकर आणि जवसाची चटणी न्यावी. मोहफुलांचे लाडू असतील तर उत्तमच. ते टिकतात आणि दोन लाडवांत भूक भागते. खर्ऱ्याच्या पन्न्या मात्र घरीच राहू द्याव्यात. खर्ऱ्याने भूक मरते, पोट भरत नाही.

रात्री कुठे झोपावे लागेल ते सांगता येत नाही. दवाखान्याचा व्हरांडा, धर्मशाळा, नातेवाइकाचे अंगण, कुठेही. तिथे मच्छरदाणी हवीच. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मलेरियाचा डास रात्री चावतो. सरकारकडून मिळालेली औषधाची मच्छरदाणी घडी करून न्यावी. ती वरचेवर धुऊ नये, धुतली तर सावलीत वाळवावी, उन्हाने औषध जाते. मच्छरदाणीचे टोक सतरंजीखाली नीट खोचले तर आणखी एक फायदा होतो. मण्यार साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. खोचलेल्या मच्छरदाणीत तो सहसा शिरू शकत नाही. टॉर्च उशाशी ठेवावा, आणि त्यात सेल आहेत ना, ते निघण्यापूर्वीच पाहावे. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

बसपर्यंत पायवाटेने जावे लागत असेल तर पहाटेच्या अंधारात एकट्याने निघू नये. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलकडच्या लोकांना वाघाचे निराळे सांगायला नको. दोघे-तिघे मिळून, बोलत, हातात काठी घेऊन, उजाडल्यावर निघावे. पहिली बस चुकली तरी चालेल.

आता कागद. अन्नपाण्याइतकेच हेही जपायचे असते. आम्ही दवाखान्याच्या दारातून परत फिरलेली माणसे पाहिली आहेत. चार तासांचा प्रवास करून आले, आणि रेशन कार्ड घरी खुंटीला! महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे तर रेशन कार्ड आणि ओळखीचा कागद लागतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, बँकेचे पासबुक, आणि दवाखान्याचे जुने सगळे कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत आणि तोंड बांधावे. ही पिशवी गाठोड्यात ठेवू नये. गाठोडे टपावर जाते, पावसात भिजते. कागद अंगाशी ठेवावेत. आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांचे रिकामे पत्तेसुद्धा टाकू नयेत. "पांढरी गोळी होती, सकाळी घेत होतो," एवढ्याने डॉक्टरला काय कळणार? पत्त्यावर नाव छापलेले असते.

एस.टी.तही कागद कामाला येतो. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस.टी.चा प्रवास फुकट झाला, आणि २०२३ च्या मार्चपासून सर्व बायांना अर्धे तिकीट झाले. म्हाताऱ्या माणसाने वयाचा पुरावा किंवा एस.टी.चे कार्ड जवळ ठेवावे. कंडक्टर मागतो, त्यात त्याचा दोष नाही.

मोबाईल नेताना चार्जर नेतोच. पण घरचा, आशाताईचा आणि एका शेजाऱ्याचा नंबर कागदावरही लिहून घ्यावा. मोबाईल बंद पडला की पाठ नसलेला नंबर आठवत नाही. तुम्ही आता लिहायला शिकला आहात, तेव्हा हा कागद तुमच्या हातानेच लिहा. त्यावर १०८ हाही आकडा मोठा करून लिहा. त्या नंबरवर फुकट अँब्युलन्स येते. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२.

बाळंतपणाचे वेगळे सांगितले पाहिजे. पावसाळ्यात जिचे दिवस भरणार असतील, तिने कळा सुरू होण्याची वाट पाहू नये. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' असते. तिथे बाईने आधीच जाऊन राहायचे, बरोबर घरचे एक माणूस, लहान मूल असेल तर तेही. म्हणजे नाला भरला तरी ती नाल्याच्या बरोबर बाजूला असते. माहेरघराला जाताना तपासणीचे कार्ड, पासबुक, दोन सैल लुगडी किंवा गाऊन, आणि बाळासाठी मऊ जुन्या सुती कापडाचे चार-पाच तुकडे न्यावेत. हे तुकडे धुऊन कडक उन्हात वाळवलेले असावेत. नवे झुळझुळीत कापड बाळाला बोचते. टोपरे आणि पायमोजे न विसरता न्यावेत. नुकते जन्मलेले बाळ ओले असते, लहान असते, ते फार लवकर गार पडते. डोके उघडे राहिले तर आणखीच. मे महिना असला तरी टोपरे हवे.

काही जण दवाखान्यासाठी नव्हे, पोटासाठी घर सोडतात. आपल्याकडची पुष्कळ माणसे दर वर्षी संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जातात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीचे हजारो मजूर तिकडेच अडकले. कित्येक जण पायी निघाले. तीन महिन्यांसाठी जाणाऱ्याने रेशन कार्डाचा नंबर नक्की न्यावा. आता दुसऱ्या राज्यातही आपल्या कार्डावर धान्य उचलता येते. मिरचीच्या कामाला लांब बाह्यांचा जुना शर्ट आणि खोबरेल तेलाची बाटली न्यावी. मिरचीची आग पाण्याने धुऊन जात नाही, तेलाने सुटते. आधी तेल चोळावे, मग साबणाने हात धुवावेत, आणि तोवर हात डोळ्याला लावू नये.

एवढे झाले म्हणजे गाठोडे पुरे झाले का? आम्हाला नाही वाटत. जिवाला धीर देणारी एखादी वस्तूही त्यात हवी. ही गोष्ट काही लोक हसण्यावारी नेतात. पण परक्या जागी आजारी माणूस निम्मा भीतीनेच खचतो.

१९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी माणसे दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारले. लोकांनी सांगितले, की मोठ्या इमारतीची भीती वाटते. डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे पाहून भीती वाटते, कारण पांढरे कापड आम्ही मेलेल्या माणसावर घालतो. आणि आपले माणूस जवळ राहू देत नाहीत, तर आजारी माणूस बरा होणार कसा? मग शोधग्रामात दवाखाना बांधला तो गावातल्या घरांसारखा. त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले, आणि नातेवाइकांना रोग्याजवळ राहण्याची सोय केली. माणसे येऊ लागली.

सगळेच दवाखाने असे नसतात. म्हणून घरची थोडी ओळख आपणच बरोबर न्यावी. रोजची अंगावरची चादर, तिला घरचा वास असतो. रोजचे ताट आणि गिलास. फणी, तेलाची बाटली, छोटा आरसा. केस विंचरले की आजारी बाईलाही बरे वाटते. लहान पोराला चिंध्यांची बाहुली, नाहीतर बांबूची शिट्टी. शिट्टी वॉर्डात वाजवू देऊ नये, एवढेच. देवाचा अंगारा न्यावासा वाटला तर खुशाल न्यावा. तो गोळीबरोबर असावा, गोळीच्या जागी नसावा.

आणि एक सोबती. तो काही गाठोड्यात मावत नाही, पण त्याच्याशिवाय गाठोडे अपुरे. सोबती निवडताना नाते पाहण्याआधी भाषा पाहावी. भामरागडकडची बाई माडिया बोलते, सिरोंचाकडची तेलुगू, कोरचीकडची छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडची बंगाली. डॉक्टर विचारतो मराठीत. "दुखणं कुठून कुठं जातं?" एवढा साधा प्रश्न, पण दोन भाषांच्या मधे हरवून जातो. ज्याला दोन्ही भाषा येतात आणि थोडे वाचता येते, असा माणूस बरोबर असला तर चिठ्ठीवरचे सकाळ-संध्याकाळही चुकत नाही. तुमच्या वर्गातले कुणी असेल तर त्यालाच न्या.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दोन जोड पुरतात. एक अंगावर, एक गाठोड्यात. जुने लुगडे मात्र एक जास्त घ्यावे. ते अंथरता येते, पांघरता येते, झोळी बांधता येते, आडोसा करता येतो, आणि शेवटी गाठोडे बांधायलाही तेच लागते.

त्या रात्री म्हातारीने तेच केले होते. सकाळी गाडी सुरू झाली तेव्हा तिने चादर मुलीच्या अंगावरच राहू दिली आणि लुगडे झटकून उरलेले सामान पुन्हा बांधले. मुलीची आई म्हणाली, "आजी, चादर कशी पोचवू तुम्हाला?" म्हातारीने आपल्या लेकीच्या गावाचे नाव सांगितले. आम्ही ते पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून पान फाडून दिले. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्याच्या बसमध्ये कंडक्टरजवळ एक चादर होती, धुऊन घडी केलेली, वर कागद टाचलेला. तो कागद आमच्याच पुस्तकाचा होता.